बायकांना दुखतं जास्त, की त्या सोसतात जास्त?

सासूबाई म्हणतात बाईची जात सोशिक, नवरा म्हणतो बायकांना वेदना जास्त जाणवते, आणि तुमची अर्धशिशी नेमकी पाळीच्या तोंडावर उठते. खरं कुणाचं, असं विचारलंय तुम्ही. दोघांचंही. दुखायला कधी लागतं ही एक गोष्ट आणि दुखत असताना माणूस किती गप्प राहतो ही दुसरी. स्नायूवर दाब वाढवत नेऊन तपासलं, तर बायका सरासरीने कमी दाबालाच ‘दुखलं’ म्हणतात. पण ही सरासरी झाली, एकेका माणसातला फरक याहून कितीतरी मोठा असतो. शिवाय १९९१ च्या एका प्रयोगात, चाचणी घ्यायला बाई आहे म्हटल्यावर पुरुषांनी वेदना कमी सांगितली! तेव्हा त्या आकड्यांत थोडा ताठाही धरावा.

तुमच्या डोकेदुखीत हार्मोनचा हात आहे असं मला वाटतं. लहानपणी अर्धशिशी मुलग्यांत आणि मुलींत साधारण सारखीच दिसते. वयात आल्यावर मात्र बायकांत ती जवळपास तिप्पट होते. यावरून इस्ट्रोजेन हे स्त्री-हार्मोन वाढलं की दुखतं असं सगळे धरून चालतात, पण बहुतेक वेळा उलट असतं. डोकं उठतं ते इस्ट्रोजेन झपकन खाली आल्यावर. १९७० च्या सुमारास सॉमरव्हिल या संशोधकांनी हे फार सुरेख दाखवलं. पाळीआधी इस्ट्रोजेनचं इंजेक्शन दिलं, तर पाळी वेळेवर आली पण डोकेदुखी काही दिवस लांबली. प्रोजेस्टेरॉन हे दुसरं स्त्री-हार्मोन दिलं तेव्हा पाळी लांबली, डोकं मात्र ठरल्या वेळीच दुखलं. गरोदरपणात इस्ट्रोजेन सतत चढं असतं, म्हणून अनेकींना त्या महिन्यांत आराम पडतो आणि बाळंतपणानंतर दुखणं परत येतं. पाळी जायच्या आधीच्या वर्षांत पातळी वरखाली होत राहते, तेव्हा तर काहींचे फारच हाल होतात.

टेस्टोस्टेरॉन या पुरुषी हार्मोनचा परिणाम वेगळा दिसतो. लिंगबदलासाठी हार्मोन घेणाऱ्यांचा इटलीत अभ्यास झाला (२००७). इस्ट्रोजेन घेणाऱ्यांपैकी सुमारे एकतृतीयांश जणींना नवं जुनाट दुखणं लागलं. टेस्टोस्टेरॉन घेणाऱ्यांत ज्यांना आधीपासून दुखणं होतं, त्यांतल्या सुमारे निम्म्या जणांचं कमी झालं. गट लहान होता, तरी दिशा कळते.

आता तुमचं. तीन महिने पाळीच्या आणि डोकेदुखीच्या तारखा एकाच कॅलेंडरवर लिहा. पाळीच्या दोन दिवस आधीपासून तिसऱ्या दिवसापर्यंतच्या टप्प्यात दर वेळी दुखत असेल, तर ते कॅलेंडर घेऊन न्यूरोलॉजिस्टकडे जा. तेवढ्याच दिवसांपुरती नेप्रॉक्सेनसारखी वेदनाशामक गोळी आधीपासून सुरू करता येते, पण पोट, किडनी, दमा यांचा विचार करून ते डॉक्टरांनीच ठरवायचं. आणि डोकं दुखण्याआधी डोळ्यांपुढे नागमोडी चमकत्या रेघा दिसत असतील, तर इस्ट्रोजेन असलेली गर्भनिरोधक गोळी घेऊ नका. त्यात पक्षाघाताचा धोका वाढतो. स्त्रीरोगतज्ज्ञांनी विचारलं नाही, तरी हे त्यांना आपणहून सांगा.