बीएमआय नॉर्मल, तरी फॅटी लिव्हर: आधी कंबर नीट मोजा

तुम्ही लिहिलंय की वय ३३, बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) २२.५, दारूचा थेंब नाही, तरी सोनोग्राफीत फॅटी लिव्हर ग्रेड १ आलं, ट्रायग्लिसराइड २४० आणि एचबीए१सी (गेल्या तीनेक महिन्यांची सरासरी साखर) ५.९. शेवटी विचारलंय, "वजन तर नॉर्मल आहे, मग कमी काय करू?" माझी फाइल काही वर्षांपूर्वी जवळपास अशीच होती, म्हणून जरा सविस्तर लिहितो. मी डॉक्टर नाही. गोळ्या-औषधांचं तुमच्या फिजिशियनशीच बोला.

ट्रायग्लिसराइड म्हणजे रक्तातली चरबी, हे तुम्हाला माहीत असेलच. मुख्य गोष्ट ही की अंगात चरबी किती आहे यापेक्षा ती कुठे साठलीय याला जास्त महत्त्व आहे. कातडीखालची चरबी, विशेषतः मांड्या आणि नितंबांवरची, बऱ्यापैकी निरुपद्रवी असते. जास्तीची ऊर्जा ती मुकाट्याने सांभाळून ठेवते. ही कणगी भरली की उरलेलं धान्य घरभर सांडतं: आतड्यांभोवती, यकृतात, स्वादुपिंडात, स्नायूंत. यकृतात चरबी साठली की ते इन्सुलिनला दाद देईनासं होतं, रक्तात साखर सोडत राहतं आणि ट्रायग्लिसराइडही जास्त बनवतं. तुमचे तिन्ही रिपोर्ट याच एका गोष्टीकडे बोट दाखवतायत. काहींच्या अंगात जन्मतःच चरबीच्या पेशी जवळजवळ नसतात. दिसायला ती माणसं एकदम सडपातळ, पण त्यांना फार बिकट मधुमेह होतो, कारण साठवायला जागाच नसते.

आणि आपल्या भारतीयांची कणगी मुळात लहान, शिवाय त्याच बीएमआयला स्नायू कमी आणि चरबी जास्त. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांचं काम यासाठी जरूर वाचा. २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये त्यांचा स्वतःचा आणि लंडनच्या जॉन युडकिन यांचा शेजारी-शेजारी फोटो छापून आला होता. दोघांचाही बीएमआय २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के! त्यांच्याच गटाने पुण्याजवळच्या गावांतल्या नवजात बाळांची मापं घेतली. बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची ३.५ किलोची. आपल्या बाळांचे स्नायू कमी भरले, पोटाचा घेर कमी भरला, पण कातडीखालची चरबी त्या मानाने टिकून होती. म्हणजे ही गोष्ट वडापावच्या कितीतरी आधी सुरू होते, तेव्हा "तू खातोस काय रे एवढं?" असं विचारणाऱ्यांचं फार मनावर घेऊ नका.

आता माझं सर्वांत जास्त नुकसान कशाने झालं ते सांगतो. ऑफिसतर्फे दरवर्षी एका तपासणी केंद्रात चेकअप व्हायचं. तिथल्या फॉर्मवर कंबरेचा रकाना होता. काउंटरवरचा माणूस टेप काढायचाच नाही. "पँटची साइज?" असं विचारायचा आणि ३४ लिहून टाकायचा. ३४ इंच म्हणजे ८६ सेंटीमीटर. भारतीय पुरुषांची मर्यादा ९०, म्हणून मी नॉर्मल. पँट आपण पोटाच्या खाली बांधतो हो! पुढे एका डॉक्टरबाईंनी टेप लावला तेव्हा ९७ भरले. तोवर वर्षानुवर्षं "बीएमआय नॉर्मल, फिट" असा शिक्का बसत होता, ट्रायग्लिसराइडला लाल गोल करून शेजारी "तेलकट टाळा" एवढंच लिहिलं जात होतं. टेप लावायला अर्धा मिनिट लागतो. तो कुणी दिला नाही आणि माझी साखर प्रीडायबेटिसची, म्हणजे मधुमेहाच्या आधीच्या पायरीची, रेघ ओलांडून पुढे गेली. आज लिहितानाही मला याचा राग येतो. अशा चेकअपला जाणाऱ्या प्रत्येकाने टेप लावायचा आग्रह धरावा, मागे रांग असली तरी.

मोजायचं असं: शेवटची बरगडी आणि कंबरेचं हाड यांच्या बरोबर मध्यावर, कातडीला टेकवून, श्वास सहज सोडल्यावर. पोट आत ओढायचं नाही. बायकांसाठी मर्यादा ८० सेंटीमीटर.

उपायांबद्दल माझी मतं ठाम आहेत, पण ती माझी आहेत. उपाशी राहून वजन उतरवू नका, त्यात आधीच कमी असलेले स्नायू जातात. वजन थोडंच उतरवायचं, पण प्रथिनं आणि वजनांचा व्यायाम सोडायचा नाही. डाळ-उसळ-दही-अंडी वाढवा, भात-पोळी निम्मी करा, फळांचा रस आणि चहातली साखर बंद. इंग्लंडमधल्या न्यूकॅसलचे मधुमेह-संशोधक रॉय टेलर यांच्या गटाने सरासरी २४.८ बीएमआय असलेले २० मधुमेही घेऊन वजन उतरवलं; त्यांतल्या १४ जणांचा मधुमेह औषधाविना आटोक्यात आला आणि यकृतातली चरबीही घटली. म्हणजे 'नॉर्मल' माणसालाही थोडं उतरवून फायदा होतो. चांगली गोष्ट म्हणजे यकृतातली चरबी लवकर हलते.

पोटाचे पट्टे, घाम काढणारे बेल्ट यांवर पैसे घालवू नका. लायपोसक्शनवरही (नळीने चरबी ओढून काढण्याच्या शस्त्रक्रियेवर) नको: २००४ च्या एका अमेरिकन अभ्यासात लठ्ठ बायकांच्या पोटावरची सुमारे १० किलो चरबी काढली, तरी इन्सुलिनचं काम सुधारलं नाही, कारण काढली ती कातडीखालची. थंड पाण्याने आंघोळ करून 'ब्राऊन फॅट', म्हणजे ऊर्जा जाळून उष्णता देणारी चरबी, जागवायचे व्हिडिओ फिरतात. ती चरबी मोठ्या माणसात मानेपाशी, गळ्याच्या हाडापाशी थोडीशी असते, तिच्या भरवशावर राहू नका.

यकृतासाठी 'फिब-४'चा (वय आणि रक्ताच्या रिपोर्टांवरून यकृत किती निबर झालंय याचा अंदाज) हिशेब नेटवर करत बसू नका, ३५ च्या आतल्या वयाला तो विश्वासार्ह नाही. फायब्रोस्कॅन (यकृताचा कडकपणा मोजणारी तपासणी) लागेल का ते डॉक्टरांना विचारा. थायरॉइडही एकदा बघून घ्या.

कंबर मोजली की आकडा इथे टाका, सोबत उंची आणि आई-वडिलांना मधुमेह आहे का तेही लिहा. कंबर उंचीच्या निम्म्याहून जास्त भरली, तर एचडीएलचा ('चांगल्या' कोलेस्टेरॉलचा) आकडाही लागेल.