१.८ वर एकच डोळा शार्प का येतो?

प्रश्न : नमस्कार ताई. माझा कॅमेरा क्रॉप (म्हणजे लहान) सेन्सरचा, कॅननचा आहे. आमच्या गावच्या विठ्ठल मंदिरात कार्तिकात पहाटे काकड आरती असते. तिथे कॅमेऱ्यासोबत आलेल्या किट लेन्सवर फोटो काळे आणि हललेले यायचे, म्हणून ५० एमएम एफ १.८ ची प्राइम (झूम न होणारी) लेन्स घेतली. आता उजेड भरपूर मिळतो, पण आजीच्या फोटोत एक डोळा स्पष्ट, तर दुसरा पुसट! पखवाजवाल्या काकांचा चेहरा सोडून पखवाजाची शाईच फोकसमध्ये आली. लेन्समध्ये दोष आहे का? की ही बदलून ३५ एमएम घेऊ?
— एक वाचक, वाई

उत्तर : लेन्स अगदी ठणठणीत आहे. १.८ या आकड्याचा तो स्वभावच आहे, आणि तो समजून घ्यायला हवा. हा आकडा म्हणजे अपर्चर, लेन्सच्या उघडझापीचं माप: आकडा जितका लहान, तितकी लेन्स जास्त उघडी, उजेड जास्त आणि स्पष्ट दिसणारा पट्टा अरुंद.

तुम्ही पाठवलेला आजींचा फोटो बराच वेळ बघत होते. मान किंचित वळलेली, निरांजनाचा उजेड एका गालावर. क्षण तुम्ही अचूक पकडलाय. फोटो साधारण दीड मीटरवरून काढलेला दिसतो. तुमच्या कॅमेऱ्यावर ५० एमएम, एफ १.८ आणि दीड मीटर अंतर असेल, तर पुढून मागे जेमतेम ६ सेंटीमीटरचा पट्टा स्पष्ट येतो. मान वळली की लांबचा डोळा त्या पट्ट्याबाहेर जातो. तुम्ही दोन मीटरवर सरकलात आणि अपर्चर २.८ केलंत, तर हाच पट्टा १७ सेंटीमीटरच्या आसपास होतो. त्यात अख्खा चेहरा मावतो.

‘पण मग उजेड कमी होईल’, असं तुम्ही म्हणाल. होईल, पण हिशेब बघा. तुमची किट लेन्स ५५ एमएमला ५.६ च्या पुढे उघडत नव्हती. त्या तुलनेत १.८ ला जवळजवळ दहापट उजेड आत येतो आणि २.८ ला चौपट. म्हणजे थोडं बंद करूनही तुम्ही फायद्यातच आहात. मागचं सगळं लोण्यासारखं विरघळलेलं दिसावं म्हणून कायम १.८ वर राहणं मला पटत नाही. काकड्यात आजींच्या मागे टाळकरी बसलेले असतात, समई असते, उंबरठ्याशी कुणीतरी शाल पांघरून उभं असतं. ते ओळखू आलं, तर तो तुमच्या गावचा काकडा. नाहीतर तो फोटो कुठलाही.

पखवाजाचं कारण वेगळं आहे. फोकसचा बिंदू निवडायचं काम कॅमेऱ्यावर सोडलं, की तो बहुतेक वेळा सगळ्यात जवळची आणि कडा उठून दिसणारी वस्तू धरतो. पांढऱ्या पुडीवरची काळी शाई म्हणजे त्याला आयतंच सापडलं. एकच बिंदू ठेवा आणि तो हलवून काकांच्या जवळच्या डोळ्यावर आणा. मधल्या बिंदूने फोकस धरून मग फ्रेम बदलायची सवय असेल, तर १.८ वर ती सोडाच. कॅमेरा वळवताना तेवढ्यानंही फोकस चुकतो. काका तालात डोलतात, तेव्हा सर्वो मोड (हलत्या माणसावर सतत फोकस धरणारा) लावून तीन-चार फोटो सलग घ्या.

फक्त समई-निरांजनाचा उजेड असेल, तर एफ २, शटर १/१२५ सेकंद आणि आयएसओ (सेन्सरची उजेड टिपण्याची संवेदनशीलता) ३२०० इथून सुरुवात करा. दाणे दिसतील, दिसू देत. हललेला चेहरा नंतर सुधारता येत नाही. तुमच्या किट लेन्समध्ये हात स्थिर ठेवणारी सोय असेल, या लेन्समध्ये ती नाही. म्हणून खांबाला पाठ टेका, मांडी घालून बसा आणि कोपरं गुडघ्यांवर रोवा. काळोख बघून कॅमेरा फोटो उगाच उजळ करतो आणि ज्योतीचा नुसता पांढरा ठिपका होतो. कॅमेरा ऑटोवर असेल, तर एक्स्पोजर (फोटोचा उजळपणा) एक पायरी उणे करा. सभामंडपात ट्यूब किंवा एलईडी लावलेले असतील आणि फोटोत आडवे पट्टे येत असतील, तर शटर १/१०० ला आणा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्‌झची, त्यामुळे असे दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात.

मंदिरात जाण्याआधी घरी एक करून बघा. मसाल्याच्या तीन बरण्या ओट्यावर तिरप्या रांगेत, वीतभर अंतराने ठेवा. मधल्या बरणीच्या लेबलवर फोकस करा आणि १.८, २.८, ४ असे तीन फोटो काढा. मग मोठे करून लेबलं वाचा. कुठल्या आकड्याला काय वाचता येतं, ते एकदा नजरेत बसलं की पहाटे अंधारात विचार करत बसावं लागत नाही.

राहिली ३५ ची गोष्ट. तुमच्या सेन्सरवर ५० एमएम फुलफ्रेमच्या (मोठ्या सेन्सरच्या) ८० सारखी वागते आणि ३५ एमएम ५६ सारखी; आकडा लहान, तितकं फ्रेममध्ये जास्त मावतं. गाभाऱ्यासमोरच्या दाटीत ३५ सोयीची, हे खरंच आहे. पण तुमचा जीव चेहऱ्यांत आहे, हे पाठवलेल्या फोटोंवरून दिसतं, आणि चेहऱ्यांना ५० उत्तम. शिवाय ती चार पावलं मागे राहून वापरता येते, म्हणजे आरतीत कुणाच्या आड येणं नको. यंदाचा काकडा पौर्णिमेपर्यंत हिच्यावरच काढा. त्यानंतरही सभामंडप फ्रेममध्ये मावत नाही असं वाटलं, तर ३५ जोडीला घ्या, ही मात्र विकू नका.