इकोमध्ये दिसतं, मग पायथनला ते व्हेरिएबल का मिळत नाही?

तुम्ही लिहिलंय की टर्मिनलमध्ये डेटाबेसचा पासवर्ड व्हेरिएबलमध्ये टाकला, इको केला तर नीट दिसतो, पण पायथन स्क्रिप्ट की-एरर देते. पायथनकडे बघूच नका, इथे इकोमुळे गैरसमज होतोय. इको चालायच्या आधीच शेल (टर्मिनलमध्ये तुमच्या कमांड वाचून चालवणारा प्रोग्राम) त्या डॉलरवाल्या नावाच्या जागी किंमत भरून टाकतो, त्यामुळे व्हेरिएबल एक्स्पोर्ट झालेलं, म्हणजे बाकीच्या प्रोग्रामना दिलेलं, नसलं तरी इकोत ते दिसणारच. तपासायचं तर प्रोग्रामना मिळणारी व्हेरिएबल दाखवणाऱ्या प्रिंटएन्व्ह कमांडने तपासा, तिथे नाव नसेल तर एक्स्पोर्ट राहिलाय.

शेल कुठलाही प्रोग्राम सुरू करताना त्याच्यासोबत शिदोरी बांधून देतो. नुसतं नाव, बरोबरचं चिन्ह आणि किंमत लिहिली तर ती वस्तू घरच्या फडताळातच राहते, आधी एक्स्पोर्ट लावलात तरच शिदोरीत जाते (आणि बरोबरच्या चिन्हाच्या दोन्ही बाजूंना स्पेस अजिबात नको). शिदोरी म्हणजे कॉपी, म्हणून स्क्रिप्टच्या आत केलेला एक्स्पोर्ट बाहेरच्या टर्मिनलला कधीच दिसत नाही, तो हवा असेल तर ती फाइल सोर्स करावी, म्हणजे सध्याच्याच शेलमध्ये चालवावी लागते. एकदाच हवं असेल तर कमांडच्या आधी त्याच ओळीत लिहा, एक्स्पोर्टसुद्धा लागत नाही. कायमचं हवं तर शेल उघडताना वाचल्या जाणाऱ्या फाइलमध्ये लिहा, म्हणजे बॅश असेल तर बॅशआरसीत, झेडशेल असेल तर झेडशआरसीत, आणि मग नवीन टर्मिनल उघडा.

पण ठरलेल्या वेळी आपोआप कमांड चालवणाऱ्या क्रॉनला हे लागू नाही, हे आधीच सांगून ठेवतो. इथे इंदूरला सियागंजच्या एका व्यापाऱ्यासाठी मी रात्री २ वाजता हिशोब मेल करणारी स्क्रिप्ट लावली होती, हाताने चालवली की झकास आणि रात्री मात्र बंद, दोन रात्री जागून काढल्या. शेवटी क्रॉनमध्येच प्रिंटएन्व्ह लावून आउटपुट फाइलमध्ये घेतलं तर मोजून चार-पाच ओळी, पाथमध्ये (कमांड कुठल्या फोल्डरांत शोधायच्या ती यादी) फक्त यूएसआर-बिन आणि बिन, माझं एकही व्हेरिएबल नाही! क्रॉन बॅशआरसी वाचतच नाही, आणि उबुंटूत तर ती सोर्स केली तरी शेल इंटरॅक्टिव्ह नसेल तर सुरुवातीलाच परत फिरते.

म्हणून सगळे एक्स्पोर्ट एका वेगळ्या फाइलमध्ये ठेवा, तिला सीएचमॉड ६०० द्या म्हणजे दुसरं कोणी पासवर्ड वाचणार नाही, आणि क्रॉनच्या ओळीत स्क्रिप्टच्या आधी ती फाइल पूर्ण पाथ देऊन लोड करा, मध्ये दोन अँपरसँड. तिथे सोर्स लिहू नका, नुसता टिंब आणि स्पेस द्या, कारण क्रॉन बॅश नाही, एसएच नावाचा साधा शेल वापरतो आणि उबुंटूच्या एसएचला सोर्स कळत नाही.