एलडीएल वाढलं म्हणून तेल बंद करू नकोस

रक्ताच्या रिपोर्टमध्ये एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, जास्त आलं म्हणून तू तेलच बंद केलंस, हे मला पटलं नाही. आधी कोणतं तेल-तूप पोटात जातंय ते बघ. तूप, पामतेल यांत संपृक्त (सॅच्युरेटेड) चरबी भरपूर, ती एलडीएल वाढवते. आपल्या सोलापूरकडच्या करडईच्या तेलात बहुतांशी लिनोलिक आम्ल, म्हणजे असंपृक्त (अनसॅच्युरेटेड) चरबी, असतं. ते तुपाच्या जागी आलं की एलडीएल उतरतं. जागी, बरं का, वरून आणखी नाही.

स्वीडनमधल्या उप्सालाचा एक प्रयोग २०१४ साली प्रसिद्ध झाला. ३९ तरुणांना ७ आठवडे जादाचे मफिन खायला दिले, काहींना पामतेलाचे, काहींना सूर्यफुलाच्या तेलाचे. वजन दोन्हीकडे सारखंच वाढलं, सुमारे दीड किलो. पण यकृतात आणि पोटाच्या आत चरबी साठली ती पामतेलवाल्यांच्यात जास्त. हे काट्यावर कधीच दिसत नाही, म्हणून मला ते फार महत्त्वाचं वाटतं.

वजनाच्या हिशेबात मात्र सगळी तेलं एकच, ग्रॅमला ९ कॅलरी. कडक भाकरीबरोबर शेंगाचटणी घेतोस, तिच्यावर तेलाची धार सोडतोस ना? ती चमच्याने मोज. छोटा चमचा म्हणजे साधारण ४५ कॅलरी. चटणी खा खुशाल, शेंगदाण्यातली चरबी बहुतेक असंपृक्तच असते. बेकरीची खारी मात्र सोड.

ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली आणखी एक चरबी, चढले असतील तर आधी साखर, मैदा आणि दारूकडे बघ. एलडीएल १९० किंवा त्याहून जास्त असेल तर नुसत्या पथ्यावर विसंबू नकोस, लगेच डॉक्टरांना दाखव.