मेट्रोजवळ चार एफएसआय: वाचकांचे प्रश्न

मेट्रो आणि लोकलच्या स्थानकांभोवती उंच, दाट वस्ती होऊ द्यावी का, या वादावर आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रे इथे घेतली आहेत. एफएसआय म्हणजे भूखंडाच्या क्षेत्रफळाच्या किती पट बांधकाम करता येते, तो आकडा.

आमची सोसायटी कोथरूडला, मेट्रो स्थानकापासून ३०० मीटरवर. सदनिका २४, भूखंड ९०० चौरस मीटर, समोरचा रस्ता ९ मीटरचा. बिल्डर म्हणतो, ‘चार एफएसआय मिळतो, प्रत्येकाला दुप्पट घर देतो.’ विश्वास ठेवावा का?

या आकड्यांवर तरी नाही. राज्याच्या एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावलीत (यूडीसीपीआर, डिसेंबर २०२०) मेट्रो स्थानकापासून ५०० मीटरच्या पट्ट्यात ४ पर्यंत एफएसआय आहे. त्यातला ‘पर्यंत’ हा शब्द बिल्डरच्या माहितीपत्रकात गाळलेला असतो. नेमका किती मिळणार हे रस्त्याची रुंदी आणि भूखंडाचे क्षेत्रफळ या दोन्हींवर ठरते. चारचा आकडा रुंद रस्त्यावरच्या मोठ्या भूखंडांसाठी आहे. ९ मीटर रस्त्यावरच्या ९०० चौरस मीटरला तो मिळत नाही.

क्षणभर धरू की मिळाला. तरी तो जागेवर बसतो का, ते पाहा. तुमचा भूखंड ३० बाय ३० मीटर समजा. उंच इमारतीला अग्निशमनाची गाडी फिरायला ६ मीटरची मोकळी वाट लागते, ४५ टन वजन पेलणारी. वळणाला ९ मीटर त्रिज्या हवी. चारही बाजूंनी ६ मीटर सोडले की १८ बाय १८, म्हणजे ३२४ चौरस मीटर उरतात. चार एफएसआयचे ३,६०० चौरस मीटर बसवायला अकरा मजलेही पुरत नाहीत. जिने, लिफ्ट, बाल्कन्या यांचे पूरक क्षेत्र निवासी इमारतीला ६० टक्क्यांपर्यंत वेगळे मिळते. ते धरले की मजले पंधरा-सोळाच्या पुढे जातात आणि त्याखाली गाड्यांचे मजले येतात. उंची वाढली की सामासिक अंतरे (इमारतीभोवती सोडायची मोकळी जागा) वाढतात आणि ३२४ चा आकडा आणखी आकसतो. २४ मीटरच्या वर आणि पुढे दर १५ मीटरला आपत्कालीन आश्रयाची जागा सोडावी लागते. एवढ्याशा भूखंडावर अशी इमारत उभी राहिलीच, तर तिचा मासिक देखभाल खर्च जुन्या सभासदांना झेपत नाही. पुनर्विकासानंतर काही मूळ रहिवासी घरे विकून निघून जातात, त्याचे हे एक कारण.

खरा फायदा शेजारच्या सोसायटीशी भूखंड जोडण्यात आहे. दोन वेगवेगळ्या भूखंडांवर मिळून ६४८ चौरस मीटर पायाची जागा मिळते. तेच जोडून ३० बाय ६० केले, तर मधली दोन अंतरे जातात आणि १८ बाय ४८, म्हणजे ८६४ मिळतात. एक तृतीयांश जास्त. इमारत बुटकी राहते, शिवाय क्षेत्रफळ वाढल्याने नियमावलीच्या तक्त्यातही वरची पायरी मिळू शकते. मात्र रस्ता अरुंद असेल तर ती पायरी अडते. म्हणून आधी महापालिकेकडून विकास योजनेचा अभिप्राय घ्या आणि रस्त्याची मंजूर रुंदी लेखी मिळवा. रस्ता रुंद होणार असेल, तर त्यात तुमची किती जागा जाते तेही त्यातच कळेल.

त्यानंतर मालमत्ता पत्रक, मोजणी नकाशा आणि अभिहस्तांतरण, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर होणे. जमीन अजून मूळ मालकाच्या किंवा जुन्या बिल्डरच्या नावावर असेल, तर मानीव अभिहस्तांतरणाचा (मालकाने सही केली नाही तरी जमीन सोसायटीच्या नावावर करून घेण्याचा) अर्ज पहिला करा. त्याशिवाय पुढचे सगळे लटकते. बिल्डर निवडण्याआधी सोसायटीने स्वतःच्या पैशाने वास्तुविशारदाकडून व्यवहार्यता अहवाल करून घ्यावा. ४ जुलै २०१९ च्या शासन निर्णयानुसार पुनर्विकासाच्या विशेष सभेला दोन तृतीयांश सभासदांची गणपूर्ती लागते आणि निर्णय एकूण सभासदांच्या ५१ टक्क्यांनी होतो. प्रस्ताव आला की पहिला प्रश्न हाच विचारा: ‘तुमचा एफएसआय पूरक क्षेत्र धरून की सोडून?’ दोनचा आकडा पूरक क्षेत्र मिळवून ३.२ होतो. दोन बिल्डरांच्या प्रस्तावांची तुलना बहुतेक वेळा इथेच चुकते.

आमच्या दक्षिणेला पंधरा मजली इमारत येते आहे. गच्चीवरच्या सौर पॅनेलवर सावली पडेल का? (पुणे)

डिसेंबरच्या अखेरीस पुण्यात भर दुपारी सूर्य क्षितिजापासून सुमारे ४८ अंशांवर असतो. त्या वेळी ४५ मीटर उंच इमारतीची सावली उत्तरेकडे साधारण ४० मीटर जाते. तुमची गच्ची पाच मजल्यांवर, म्हणजे १५ मीटरवर असेल, तर मोजायची उंची ३० मीटर आणि सावली २७ मीटर. दोन इमारतींमधले अंतर त्याहून कमी असेल तर हिवाळ्यात वीज घटणार. सकाळ-संध्याकाळची सावली बरीच लांब असते, पण तेव्हा वीजही कमीच बनते. उन्हाळ्यात हा प्रश्न जवळजवळ उरत नाही. पॅनेल उत्तरेच्या कठड्याकडे सरकवा आणि एकाची सावली सगळ्या ओळीला मारक ठरू नये म्हणून प्रत्येक पॅनेलला वेगळा ऑप्टिमायझर (त्या पॅनेलची वीज स्वतंत्रपणे सांभाळणारे उपकरण) बसवता येईल का, ते विचारा.

डोंबिवलीत गाडीत पाय ठेवायला जागा नाही, नळाला पाणी नाही. अशात स्टेशनाजवळ आणखी टॉवर कशासाठी?

तुमचा राग योग्य आहे. तरीही आमचे मत दाटीच्या बाजूने आहे, काही अटींवर.

‘माणसे येणारच, स्टेशनाजवळ घर नसेल तर लांब राहतील’ हे समर्थक सांगतात आणि ते खरे आहे. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून ठाणे ३४ किलोमीटर, डोंबिवली ४८, बदलापूर ६८. ठाण्यात घर परवडले नाही की माणूस बदलापूरला जातो आणि दुप्पट अंतर उभ्याने काढतो. पण समर्थक एक गोष्ट सांगत नाहीत. सकाळच्या गाडीवर सर्वांत जास्त ताण ठाण्याच्या पुढे, शहराच्या दिशेने असतो, आणि बदलापूरचा प्रवासी असो की ठाण्याचा, तो टप्पा दोघांनाही ओलांडावाच लागतो. म्हणून नुसती घरे जवळ आणून गर्दी कमी होत नाही. ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या स्थानकांजवळ कार्यालयेही यायला हवीत. सकाळी कल्याणकडे जाणाऱ्या गाड्यांत त्या मानाने जागा असते, ती वापरात येईल. स्थानकाभोवतीच्या वाढीव एफएसआयचा ठरावीक हिस्सा कार्यालयांसाठी राखून ठेवा, ही मागणी डोंबिवलीकरांनी जोर लावून करावी.

दुसरी अट पुलांची. परळ-लोअर परळच्या गिरण्यांच्या जमिनींवर कार्यालये उभी राहिली, रोजचे प्रवासी वाढले, पण एल्फिन्स्टन रोड स्थानकाचा जिना आणि पूल अरुंदच राहिले. २९ सप्टेंबर २०१७ ला तिथे चेंगराचेंगरीत वीसहून अधिक माणसे गेली. नवा पूल लष्कराने बांधला आणि तो फेब्रुवारी २०१८ मध्ये खुला झाला. तो आधी बांधता आला असता. हिशेब अवघड नाही. जिन्याच्या एक मीटर रुंदीवरून मिनिटाला साधारण ३५ माणसे जातात, म्हणजे ४ मीटरच्या जिन्यावरून १४०. एका लोकलमधून १,५०० जण उतरले, तर फलाट रिकामा व्हायला दहा मिनिटांहून जास्त लागतात. पुढची गाडी त्याआधीच येते. तेव्हा टॉवरची परवानगी आणि जिन्याची रुंदी एकाच कागदावर असली पाहिजे.

पाण्याचे म्हणाल, तर माणशी रोज १३५ लिटर हे मानक धरून १०० नव्या घरांना, घरी साडेचार माणसे धरली तर, सुमारे ६१,००० लिटर लागते. दहा हजारी सहा टँकर झाले. भोगवटा प्रमाणपत्राआधी ‘पाणी उपलब्ध नाही, विकासक स्वतः सोय करेल’ असे हमीपत्र घेतले जाते, तिथे तुमचा आक्षेप असायला हवा. ती सोय म्हणजे टँकर, आणि त्याचे पैसे पुढे रहिवासीच भरतात.

नियमावलीत फेरबदल येतो तेव्हा महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमाच्या कलम ३७ खाली सूचना प्रसिद्ध होते आणि हरकतीला एक महिना मिळतो. ‘टॉवर नकोत’ अशा शंभर सह्यांचा उपयोग होत नाही. तरतुदीचा क्रमांक लिहा, तिथे कोणते शब्द हवेत ते लिहा आणि सुनावणी मागा.

स्टेशन दारात आहे, तर मग पार्किंगचे चार मजले कशाला? (पिंपरी)

बरोबर बोट ठेवलेत. गाडीची चौकट २.५ बाय ५ मीटर, म्हणजे साडेबारा चौरस मीटर. पण रॅम्प, वळण आणि मधली वाट धरून एका गाडीमागे २५ ते ३० चौरस मीटर जातात. दोन गाड्यांच्या जागेत एक छोटे घर होते. मोठ्या सदनिकेला जास्त गाड्या लागतात आणि गाडीवाला माणूस मेट्रोने कमी जातो. म्हणून स्थानकाजवळ एफएसआय वाढवून तीन-चार बेडरूमची घरेच बांधली, तर मेट्रोला प्रवासी मिळत नाहीत आणि रस्ता मात्र तुंबतो. दाटीचे धोरण फसते ते बहुधा इथेच. जादा एफएसआय लहान घरांशी बांधावा, पार्किंगवर किमानऐवजी कमाल मर्यादा घालावी, आणि पार्किंग घराच्या किमतीत न दडवता वेगळे भाड्याने द्यावे. पण रस्त्यावर फुकट गाडी लावता येत असेल, तर यातले काहीही चालणार नाही.

शिवाय ५०० मीटर हे नकाशावर कंपासने काढलेले असतात. मध्ये रेल्वेमार्ग, नाला किंवा बंद सीमाभिंत आली की त्याचे ९०० होतात. सात मिनिटांची चाल बारा मिनिटांची झाली की माणूस दुचाकी काढतो.

मी बॉस्टनच्या उपनगरात राहते. आमच्या गावात ‘एमबीटीए कम्युनिटीज’ कायद्यावरून भांडण पेटले आहे. शेजारी म्हणतात, आता घरे पाडून टॉवर येणार. (मॅसॅच्युसेट्स)

एमबीटीए ही बॉस्टन परिसरातली सार्वजनिक वाहतूक संस्था; तिच्या सेवाक्षेत्रातल्या गावांसाठीचा हा राज्याचा कायदा. तो काही बांधत नाही आणि कुणाचे घरही पाडत नाही. जानेवारी २०२१ च्या या कायद्यानुसार १७७ शहरा-गावांनी निदान एका पट्ट्यात बहुकुटुंबी घरे, विशेष परवानगी न मागता, बांधू द्यायची आहेत. स्थानक असेल तिथे तो पट्टा साधारणपणे त्यापासून अर्ध्या मैलात असावा. वयाची अट घालायची नाही आणि मुलाबाळांच्या कुटुंबांना घर चालले पाहिजे. घनता एकरी किमान १५ घरे. वर कोथरूडच्या ज्या सोसायटीचे पत्र आहे, तिची आजची घनता एकरी १०८ च्या आसपास भरते. एकरी १५ घरे तर तीन मजल्यांतही आरामात बसतात.

बॉस्टनजवळच्या मिल्टन गावाच्या मतदारांनी फेब्रुवारी २०२४ मध्ये असा आराखडा फेटाळला. प्रकरण राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात गेले. जानेवारी २०२५ मध्ये न्यायालयाने कायदा वैध आणि बंधनकारक ठरवला. कायद्याच्या अंमलबजावणीची राज्याची मार्गदर्शक तत्त्वे मात्र योग्य पद्धतीने न केल्याने ती पुन्हा करावी लागली. तेव्हा ‘कायदा मानायचा की नाही’ यावर शक्ती घालवू नका. गावाच्या सभेत तुमच्या गावाच्या आराखड्याच्या प्रारूपातली पार्किंगची अट वाचून दाखवा. दर घरामागे दोन गाड्या सक्तीच्या असतील, तर १५ घरांच्या ३० गाड्या एकरातली सुमारे ९०० चौरस मीटर जागा खातात, म्हणजे पाचव्या भागाहून जास्त. शेजाऱ्यांना ज्या झाडांची काळजी आहे, ती त्याच जागेत उभी आहेत.