हिमोग्लोबिन 10 च्या वर जातच नाही, आयर्नच्या गोळ्यांचा डोस वाढवू का?

सहा महिने गोळ्या खाऊनही आकडा हलत नसेल तर डोस वाढवू नका, आधी फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा) आणि हिमोग्लोबिनची एचपीएलसी टेस्ट (हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजणारी) करून घ्या.

मी कॉलेजपासून अकरा वर्षं ह्या गोळ्या खाल्ल्या. पोट बिघडायचं, तोंडाची चव जायची आणि हिमोग्लोबिन 9.9, 10.2, परत 9.9. आईनं बीट, खजूर, अळिवाचे लाडू, लोखंडी कढई सगळं केलं. लग्नानंतर सासूबाई येईल त्याला सांगायच्या, पोरगी नीट जेवत नाही. दोन भाकऱ्या खाऊन उठणारी बाई मी, ते अजून मनात आहे माझ्या. एवढ्या वर्षांत सीबीसीच्या कागदावर हिमोग्लोबिनच्या खालची ओळ कोणी वाचली नाही. दिवस गेल्यावर नवीन डॉक्टरबाईंनी वाचली. एमसीव्ही, म्हणजे लाल पेशीचा सरासरी आकार, 62, म्हणजे पेशी बारक्या, पण लाल पेशींची संख्या 55 लाख! लोह कमी असलं की सहसा संख्याही कमी पडते. एमसीव्हीला संख्येनं (दहा लाखांत धरून, म्हणजे 5.5 नं) भागायचं, 13 च्या खाली आलं की थॅलेसेमिया मायनरचा (आई-बापाकडून येणारा रक्तातला दोष, सौम्य रूपातला) संशय घ्यायचा. माझं 11 आलं. एचपीएलसीत ए2 नावाच्या प्रकारचं हिमोग्लोबिन निघालं 5.2 टक्के, साडेतीनच्या वर नको असतं. ह्या दोषात हिमोग्लोबिनमधलं ग्लोबिन हे प्रथिनच कमी तयार होतं, मग वरून लोह कितीही घाला.

मग नवऱ्याची टेस्ट. सासरे म्हणाले, हे सिंध्या-पंजाब्यांत असतं, आपल्यात नाही. त्यांच्यात प्रमाण जास्त आहे हे खरंय, पण मी साताऱ्याची, माझ्यात कुठून आलं मग? आठ दिवस वाद घातला सगळ्यांनी आणि ते आठ दिवस आमच्याकडे नव्हते, कारण दोघंही मायनर असतील तर प्रत्येक खेपेला मूल मेजर, म्हणजे ह्याच आजाराच्या गंभीर रूपाचं, असण्याची शक्यता 25 टक्के, आणि गर्भाची तपासणी अकराव्या-बाराव्या आठवड्याच्या सुमाराला करतात. मेजर मुलाला दर दोन-चार आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं, त्या रक्तातलं लोह हृदयात, यकृतात साठतं, ते काढायला परत वेगळं औषध. नवऱ्याचं नॉर्मल आलं. पण बाईच्या हातात सुई टोचायला कोणी विचारत नाही आणि पुरुषाच्या एका नळीभर रक्तासाठी घराण्याची अब्रू निघते, हे मला आजही पटत नाही.

तुमचं हेच असेल असं नाही हं. बहुतेकींना खरंच लोहच कमी असतं, पाळीत जास्त जातं, मूळव्याध असते, जंत असतात. मायनर असूनही लोह कमी असू शकतं आणि तेव्हा ए2 थोडं खाली दिसतं, म्हणून फेरिटिन सोबतच करा, गोळ्या मनानं बंद करू नका. आणि मायनर निघालं तर सख्ख्या भावंडांनाही तपासायला सांगा, लग्न ठरायच्या आधी. माझ्या भावानं अजून केलेली नाही.