‘ई पी एन एस’ला हॉलमार्क म्हणावं का?

प्रश्न असा आहे: घरातल्या जुन्या विलायती चमच्यांच्या मागे चार चिमुकल्या चौकटींत ‘ई पी एन एस’ ही रोमन अक्षरं उठवली आहेत. याला चांदीचा हॉलमार्क म्हणायचं का?

नाही म्हणायचं. ही ‘इलेक्ट्रो प्लेटेड निकेल सिल्व्हर’ची आद्याक्षरं, आणि यातलं ‘सिल्व्हर’ फक्त रंगापुरतं. तांबं, जस्त आणि निकेल यांच्या या मिश्रधातूत चांदी गुंजभरही नसते. असते ती वरच्या मुलाम्यात. विजेने मुलामा चढवण्याचं पेटंट बर्मिंगहॅमच्या एल्किंग्टन यांनी १८४० मध्ये घेतलं आणि असे चमचे घरोघरी पोचले. चमच्याची पाठ जिथे टेबलाला टेकते तिथे मुलामा आधी झिजतो आणि खालचा पिवळसर धातू डोकावतो.

याच मिश्रधातूचं दुसरं नाव जर्मन सिल्व्हर. आपल्याकडे ‘जर्मनचं पातेलं’ म्हणतात ते मात्र ॲल्युमिनियमचं. ही दोन ‘जर्मनं’ एक समजू नयेत.

‘हॉलमार्क’मधला हॉल म्हणजे लंडनच्या सोनारसंघाची वास्तू, गोल्डस्मिथ्स हॉल. १४७८ पासून माल तिथे न्यायचा, कस लावून घ्यायचा, मगच ठसा मिळायचा. ठसा त्रयस्थाचा, हा त्या शब्दाचा प्राणच आहे. कारखानदाराने आपल्याच मालावर उठवलेल्या अक्षरांना सरसकट हॉलमार्क म्हणणं म्हणूनच मला अजिबात पटत नाही.

इंग्लंडच्या अस्सल स्टर्लिंग चांदीवर पुढचा पंजा उचलून चालणारा सिंह शोधा. तो दिसला की हजारात ९२५ भाग चांदी. शेजारी शहराची खूण असते: बर्मिंगहॅमचा जहाजी नांगर, लंडनचं बिबट्याचं मुंडकं, शेफील्डचा १९७४ पर्यंत मुकुट आणि पुढे गुलाब. सुटं अक्षर वर्षाचं, आद्याक्षरांची नाममुद्रा कारागिराची. नुसत्या मुकुटावर भुलू नका, मुलाम्याच्या मालावरही तो सापडतो.

सिंह नाही म्हणजे चांदी नाही, असंही नव्हे. ब्रिटिश अमलात हिंदुस्थानात घडलेल्या चांदीला असा हॉलमार्क नसे. भुजचे चांदीचे कारागीर उमरशी मावजी यांच्या नक्षीदार भांड्यांवर ‘ओ एम’ आणि ‘भुज’ एवढंच असतं. ती नाममुद्रा आहे, हॉलमार्क नाही, पण चांदी खरी.